आरोग्य आणि रोग : परिचर्या शिक्षणातील मूलभूत संकल्पनांचा क्षयरोगाच्या संदर्भात परिचय

सारांश : परिचर्या अभ्यासक्रमाच्या प्रारंभीच विद्यार्थ्यांना आरोग्य व रोग या संकल्पनांची ओळख करून दिली जाते. या संकल्पना बहुधा व्याख्यांच्या स्वरूपात पाठ होतात. परंतु प्रत्यक्ष रुग्णसेवेत त्यांचा उपयोग कसा करावयाचा, हे पुरेसे स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात क्षयरोग हे एकच उदाहरण घेऊन आरोग्याची व्याख्या, रोग व आजार यांतील भेद, रोगकारणांचे त्रिकूट, रोगाचा नैसर्गिक इतिहास आणि प्रतिबंधाच्या पातळ्या यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : आरोग्य, रोग, आजार, आजारपण, प्रतिबंध, परिचर्या, क्षयरोग.

१. प्रस्तावना

'आरोग्यं धनसंपदा' हे वचन आपल्याकडे शाळेच्या भिंतीवरही लिहिलेले आढळते. तथापि आरोग्य म्हणजे नेमके काय, असा प्रश्न विचारल्यास 'रोग नसणे' हेच उत्तर बहुतेकांकडून मिळते. सामान्य माणसाला हे उत्तर पुरेसे असले, तरी परिचारिकेला ते पुरत नाही. तिचा संबंध रोग्याशी जितका येतो, तितकाच रोग्याच्या घरातील वरवर निरोगी माणसांशीही येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रातील 'नर्सिंग फाउंडेशन' या विषयात आरोग्य व आजार यांची ओळख समाविष्ट केलेली आहे, ती याच कारणाने.

क्षयरोगाचे उदाहरण निवडण्यामागेही कारण आहे. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. शिवाय या एकाच रोगात जंतू, शरीर, घर, अन्न, रोजगार आणि लोकापवाद हे सर्व घटक एकत्र दिसतात. त्यामुळे संकल्पना आणि व्यवहार यांची सांगड घालण्यास हे उदाहरण सोयीचे ठरते.

२. आरोग्याची संकल्पना

भारतीय परंपरेत 'स्वस्थ' या शब्दाचा अर्थच 'स्वतःच्या ठिकाणी स्थिर असलेला' असा आहे. सुश्रुतसंहितेत स्वस्थ पुरुषाचे वर्णन करताना दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांच्या प्रसन्नतेचाही उल्लेख येतो. म्हणजेच आरोग्य हे केवळ शरीरापुरते मर्यादित नाही, हा विचार आपल्याला नवा नाही.

आधुनिक काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने दिलेली व्याख्या सर्वमान्य झाली. ही घटना 1946 मध्ये स्वीकारली गेली व 7 एप्रिल 1948 रोजी अमलात आली. तीनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा वा दुर्बलतेचा अभाव नसून शारीरिक, मानसिक व सामाजिक दृष्ट्या संपूर्ण सुस्थिती होय. या व्याख्येने सामाजिक अंगाला शारीरिक अंगाच्या बरोबरीचे स्थान दिले, हे तिचे मोठे योगदान आहे. 1978 मधील आल्मा-आता जाहीरनाम्यातील प्राथमिक आरोग्यसेवेचा विचारही याच पायावर उभा आहे.

तथापि 'संपूर्ण' या शब्दावर आक्षेप घेतले गेले. दीर्घकालीन आजार असलेला, पण औषधोपचार सांभाळून संसार व नोकरी करणारा मनुष्य या व्याख्येने कायमचा अनारोग्यात गणला जातो. 2011 मध्ये माख्टेल्ड ह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, शारीरिक, भावनिक व सामाजिक आव्हानांना सामोरे जाऊन जुळवून घेण्याची व स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य, असा पर्याय मांडला. परिचर्येच्या दृष्टीने हा विचार महत्त्वाचा आहे. कारण ही क्षमता वाढविता येते, आणि ती वाढविण्याचे काम मुख्यतः परिचारिकेकडेच असते.

म्हणूनच आरोग्य आणि अनारोग्य या दोन बंद खोल्या नसून ती एक सलग रेषा आहे, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. एका टोकाला उत्तम आरोग्य, दुसऱ्या टोकाला मृत्यू. आणि प्रत्येक व्यक्ती या रेषेवर सतत पुढे-मागे सरकत असते.

३. रोग, आजार आणि आजारपण

मराठीत 'रोग' आणि 'आजार' हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. शास्त्रीय विवेचनात मात्र तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. शरीरातील अवयवांत वा क्रियांत झालेला, तपासणीने दाखविता येणारा बिघाड म्हणजे रोग. त्या व्यक्तीला स्वतःला जाणवणारा त्रास म्हणजे आजार. आणि समाजाने त्या व्यक्तीला दिलेली 'रोगी' ही भूमिका, तिच्यासह मिळणाऱ्या सवलती व तिच्यावर येणारी बंधने, म्हणजे आजारपण. समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी 1951 मध्ये 'रुग्णभूमिका' या संकल्पनेतून या तिसऱ्या अंगाची मांडणी केली होती.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. तो न कळल्यास काय होते, हे क्षयरोगाच्या तीन प्रसंगांतून स्पष्ट होईल.

(अ) रोग आहे, आजार नाही : देशात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात, छातीचा क्ष-किरण फोटो काढला नसता तर सुमारे 42.6 टक्के रुग्ण निदानातून निसटले असते, असे आढळले. कारण त्यांच्यात विचारण्याजोगी लक्षणे नव्हती. पाण्यावर दिसणाऱ्या हिमनगाच्या टोकाची उपमा रोगप्रसाराच्या अभ्यासात दिली जाते, ती येथे तंतोतंत लागू पडते.

(आ) आजार संपला, रोग संपला नाही : औषधाला दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. रुग्णाच्या लेखी तो बरा झालेला असतो. मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला जावयाचे, हा त्याचा प्रश्न त्याच्या अनुभवाशी सुसंगतच आहे. अशा वेळी 'रुग्ण ऐकत नाही' असा शेरा मारून भागत नाही. त्याचा आजार संपला आहे, पण फुप्फुसात काही जंतू जिवंत आहेत आणि अर्धवट उपचाराने रोग पुन्हा उलटण्याचा, तसेच जंतू औषधांना दाद न देणारे होण्याचा धोका आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे लागते.

(इ) रोग संपला, आजारपण संपले नाही : उपचार पूर्ण झाल्यानंतरही रुग्णाचे भांडे वेगळे ठेवणे, विवाह मोडणे, सुनेला माहेरी पाठविणे असे प्रकार घडतात. प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष आला, तरी या व्यक्तीला जागतिक व्याख्येनुसार निरोगी म्हणता येणार नाही. येथे औषधाचे काम संपलेले असते. परिचारिकेचे संपलेले नसते.

४. रोगाची कारणमीमांसा

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. एका रोगाला एक जंतू, असा विचार यानंतर दृढ झाला. मात्र कारण कळले म्हणजे रोग हटला असे होत नाही. अमेरिकेतून 1886 मध्ये वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुणे येथे क्षयरोगानेच निधन झाले. कॉख यांच्या शोधाला तेव्हा पाच वर्षे होत आली होती. परंतु क्षयावर परिणामकारक ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडण्यास 1943 साल उजाडावे लागले.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येला क्षयजंतूंचा संसर्ग झालेला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी केवळ 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. म्हणजे संसर्ग आणि रोग या दोन भिन्न अवस्था आहेत. जंतू हे आवश्यक कारण आहे. पुरेसे कारण नाही.

म्हणूनच रोगाचा विचार रोगकारक, यजमान आणि पर्यावरण या त्रिकूटातून केला जातो. क्षयरोगात रोगकारक म्हणजे जंतू. यजमान म्हणजे मनुष्य. त्याचे कुपोषण, मधुमेह, एच. आय. व्ही. संसर्ग, धूम्रपान व मद्यपान यांमुळे संसर्गाचे रोगात रूपांतर होण्याची शक्यता वाढते. पर्यावरण म्हणजे दाटीवाटीचे, हवा न खेळणारे घर, तसेच दगडखाणीसारख्या ठिकाणची धूळ. या तिहींतील तोल ढळला की रोग उद्भवतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जंतुशास्त्राच्या उदयापूर्वीच स्वच्छ हवा, प्रकाश व आहार यांना परिचर्येच्या केंद्रस्थानी ठेवले होते, याचे महत्त्व या मांडणीत अधिक स्पष्ट होते.

५. रोगाचा नैसर्गिक इतिहास आणि प्रतिबंध

उपचार न झाल्यास रोग प्रारंभापासून शेवटापर्यंत ज्या क्रमाने वाटचाल करतो, त्यास रोगाचा नैसर्गिक इतिहास म्हणतात. लीव्हेल आणि क्लार्क यांनी त्याचे रोगपूर्व अवस्था व रोगावस्था असे दोन भाग कल्पिले आणि प्रत्येक टप्प्याशी प्रतिबंधाची एक पातळी जोडली. 'प्रतिबंध' म्हणजे केवळ लसीकरण नव्हे, हे विद्यार्थ्यांना येथे कळावयास हवे.

मूलगामी प्रतिबंधात धोक्याचे घटकच निर्माण होऊ न देणे अभिप्रेत आहे. हवेशीर घरे, पुरेसे अन्न, धूम्रपानाची सवय न लागणे ही त्याची उदाहरणे होत. प्राथमिक प्रतिबंधात निरोगी व्यक्तीचे रोगापासून संरक्षण येते. क्षयरुग्णाच्या घरातील व्यक्तींना, सक्रिय क्षयरोग नसल्याची खात्री करून, प्रतिबंधात्मक औषध देणे या पातळीवर मोडते. द्वितीयक प्रतिबंध म्हणजे लवकर निदान व तत्काळ उपचार. तृतीयक प्रतिबंध म्हणजे अपंगत्व मर्यादित ठेवणे व पुनर्वसन करणे.

प्राथमिक पातळीवरील अडचण लक्षणीय आहे. 'मला काही होत नाही, मग गोळ्या कशासाठी?' असे रुग्णाची पत्नी वा भाऊ विचारतो. ज्या विद्यार्थिनीला संसर्ग आणि रोग यांतील फरक नीट समजला आहे, तीच या प्रश्नाला घाबरवून न टाकता उत्तर देऊ शकते.

६. दोन भारतीय अभ्यासांचा बोध

मद्रास येथे 1956 मध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. तेथे रुग्णांचे दोन गट करून एका गटाला आरोग्यधामात, तर दुसऱ्याला घरीच औषधे देण्यात आली. घरच्या गटातील रुग्ण दाटीच्या वस्तीत राहत होते आणि त्यांचा आहारही निकृष्ट होता. तरीही 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील उपचारांचे यश जवळपास सारखेच होते. घरच्या माणसांना होणारा धोकाही घरी उपचार केल्याने वाढला नाही. कारण संसर्ग मुख्यतः निदानापूर्वी होतो व औषधे सुरू झाल्यावर त्याचा धोका झपाट्याने घटतो. क्षयरुग्णाची सेवा आरोग्यधामातून घराकडे वळली, ती या अभ्यासामुळे. आणि त्यासोबत परिचारिकेचे कार्यक्षेत्रही घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले.

दुसरा अभ्यास अलीकडचा आहे. झारखंडमध्ये झालेल्या 'राशन्स' या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यास त्यांच्यातील सर्व प्रकारच्या नव्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या जंतुसिद्ध क्षयाचे प्रमाण 48 टक्क्यांनी कमी झाले.

वरकरणी हे दोन अभ्यास परस्परविरोधी वाटतात. एक म्हणतो, निकृष्ट आहार असूनही औषधाने रोग बरा झाला. दुसरा म्हणतो, आहाराने रोग रोखला. परंतु नैसर्गिक इतिहासाच्या चौकटीत दोन्हींचे स्थान निश्चित होते. पहिला अभ्यास रोगावस्थेतील उपचाराविषयी आहे, तर दुसरा संसर्गाचे रोगात रूपांतर होण्याविषयी. संकल्पना स्पष्ट असल्या की वरवरचे विरोध कसे उलगडतात, याचे हे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे. केंद्र सरकारच्या 'निक्षय पोषण योजने'तून क्षयरुग्णास 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये करण्यात आली. उपरोक्त चाचणीचा विचार करता रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाच्या ताटाकडेही पाहणे आवश्यक ठरते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

पहिली, व्याख्या आधी आणि उदाहरण नंतर, हा क्रम उलटा करावा. विद्यार्थ्यांसमोर एक कुटुंब मांडून त्यातील प्रत्येक व्यक्ती आरोग्याच्या रेषेवर कोठे आहे, हे त्यांना ठरवू द्यावे. दुसरी, घरभेटीच्या नोंदवहीत 'रोग', 'आजार' व 'आजारपण' असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. पहिला रकाना कागदपत्रांवरून भरता येतो. उर्वरित दोन रुग्णाशी बोलल्याशिवाय भरताच येत नाहीत. तिसरी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान व मराठी या विषयांच्या अध्यापकांचे सहकार्य घ्यावे. रोगाचा सामाजिक अर्थ आणि रुग्णाची बोली हे केवळ वैद्यकाचे विषय नाहीत.

८. निष्कर्ष

आरोग्य ही सलग व बहुअंगी अवस्था आहे. रोग, आजार व आजारपण ही परस्परसंबद्ध, पण भिन्न वास्तवे आहेत. रोगाचे कारण एकटे नसते आणि प्रतिबंधाला प्रत्येक टप्प्यावर वाव असतो. या चार विधानांत प्रस्तुत विवेचनाचे सार आहे. उत्तरपत्रिकेत ती चार ओळींत लिहिता येतात. परंतु दोन महिन्यांनी बरे वाटू लागलेला मजूर गोळ्या सोडणार की उरलेले चार महिने पूर्ण करणार, हे पुष्कळदा त्याच्या दारात उभ्या असलेल्या परिचारिकेला ही विधाने किती समजली आहेत, यावर अवलंबून असते. म्हणून या प्राथमिक घटकाचे अध्यापन औपचारिकता म्हणून न उरकता संपूर्ण परिचर्या शिक्षणाचा पाया म्हणून व्हावे, असे वाटते.