यंत्राची टक्केवारी आणि नगाचा खर्च

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोली येथील औद्योगिक वसाहतींमध्ये अनेक लघुउद्योग मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग तयार करून देतात. जॉबवर्कचा दर नगावर ठरतो आणि घासाघीस रुपया-दोन रुपयांसाठी होते. यंत्राच्या कामगिरीची नोंद मात्र टक्क्यांत ठेवली जाते. फलकावरील टक्केवारी आणि नगाचा दर यांचा मेळ घातला नाही, तर हाताला भरपूर काम असूनही उद्योग तोट्यात जाऊ शकतो.

ही टक्केवारी 'ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस' अर्थात 'ओईई' या नावाने ओळखली जाते. जपानमधील सेइची नाकाजिमा यांनी यंत्रांच्या देखभालीसाठी 'टीपीएम' ही पद्धती रुजवली. ओईई हे तिचेच मोजमाप. यंत्र किती वेळ चालले, किती वेगाने चालले आणि त्यातून किती निर्दोष माल निघाला, या तीन गुणोत्तरांचा हा गुणाकार होय. ९० टक्के उपलब्धता, ९५ टक्के वेग आणि ९९ टक्के गुणवत्ता साधल्यास ओईई सुमारे ८५ टक्के येते. हाच आकडा आदर्श म्हणून सांगितला जातो.

एका पाळीचा हिशेब

उदाहरणादाखल एक सीएनसी लेथ घेऊ. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची सुटी वजा जाता ४५० मिनिटे उरतात. सेटिंग आणि बिघाड यांत ९० मिनिटे गेली, तर उपलब्धता ८० टक्के. एका नगाला दोन मिनिटे या हिशेबाने उरलेल्या ३६० मिनिटांत १८० नग व्हायला हवेत, झाले १६२. म्हणजे वेग ९० टक्के. त्यातील नऊ नग बाद झाले, म्हणून गुणवत्ता सुमारे ९४ टक्के. निर्दोष नग १५३ आणि ओईई ६८ टक्के.

आता घसारा, व्याज, भाडे, वीज आणि कामगाराचे वेतन धरून यंत्राचा ताशी खर्च ६०० रुपये मानू. साडेसात तासांचे ४,५०० रुपये होतात. एक मिनिटही वाया न जाता २२५ नग निघाले असते, तर प्रत्येकी २० रुपये खर्च आला असता. प्रत्यक्षात १५३ नगांवर तो २९ रुपये ४१ पैसे येतो. सूत्र सोपे आहे : आदर्श खर्चाला ओईईने भागावे.

दर देताना ८५ टक्के ओईई गृहीत धरली असेल, तर यंत्रखर्चापोटी नगामागे केवळ २३ रुपये ५३ पैसे मिळतात. अशा १५३ नगांचे ३,६०० रुपये होतात. म्हणजे एका पाळीत ९०० रुपये आणि २५ दिवसांत २२,५०० रुपये कमी पडतात. नफ्याचा विचार त्यानंतरचा.

टक्का लहान, तोटा मोठा

टक्केवारीवरून सर्वांत दुबळी बाजू उपलब्धतेची दिसते. रुपयांतही तिचाच तोटा मोठा आहे : ९० मिनिटांचे ९०० रुपये. वेग मंदावल्याने ३६ मिनिटांचे ३६० रुपये गेले. बाद नगांनी यंत्राची केवळ १८ मिनिटे, म्हणजे १८० रुपये खाल्ले. परंतु प्रत्येक नगात ७० रुपयांचे पोलाद असेल आणि भंगाराचे २० रुपयेच परत मिळत असतील, तर आणखी ४५० रुपये बुडतात. जॉबवर्कमध्ये पोलाद ग्राहकाचे असले, तरी ही रक्कम अनेकदा बिलातून वळती होते. अशा रीतीने ९४ टक्क्यांच्या गुणवत्तेचा तोटा ६३० रुपयांवर, म्हणजे ९० टक्क्यांच्या वेगाच्या तोट्यापेक्षाही वर जातो.

वाचलेला तास विकला जातो का?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घसारा, व्याज आणि भाडे यंत्र थांबले तरी चुकत नाहीत. त्यामुळे पुरेशी मागणी नसताना वाचवलेल्या तासाचे ६०० रुपये हाती येत नाहीत. जादा नग केवळ गोदामात पडून राहतात आणि त्यांत खेळते भांडवल अडकते. उलट, ज्या यंत्रापाशी साऱ्या कारखान्याचे काम तुंबते, त्याचा तास कितीतरी महाग असतो. तेथे गमावलेला तास संपूर्ण कारखान्याचा तास असतो, हे एलियाहू गोल्डराट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द गोल' या कादंबरीत मांडले.

ओईई वाढवण्याच्या हव्यासापोटी सेटिंग टाळून मोठमोठ्या लॉटचे उत्पादन करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. आकडा सुधारतो, पण नको असलेला साठाही वाढतो. त्यापेक्षा सेटिंगचा वेळच कमी करणे श्रेयस्कर. शिगेओ शिंगो यांनी तो दहा मिनिटांच्या आत आणण्याची पद्धत विकसित केली.

लघुउद्योजकाला यासाठी महागड्या संगणकप्रणालीची गरज नाही. यंत्र थांबल्याची मिनिटे, तयार नग आणि बाद नग यांची प्रत्येक पाळीची प्रामाणिक नोंद आणि तिच्याशेजारी रुपयांचा एक रकाना एवढे पुरते. पुढचा दर देण्यापूर्वी मागील तीन महिन्यांचा तो रकाना पाहिला, तर कोणत्या दराखाली काम घेणे परवडणार नाही, हे ग्राहकासमोर बसण्याआधीच स्पष्ट झालेले असते.