विद्यमान आमदारासमोर उभं राहायचं म्हणजे...

निवडणुकीला 'उभं राहणं' हा शब्दप्रयोग मला नेहमी गमतीचा वाटतो. आपण बायका आयुष्यभर उभ्याच तर असतो. ओट्यापाशी उभ्या, रेशनच्या रांगेत उभ्या, एस.टी.त जागा मिळाली नाही तर दांडीला धरून उभ्या. पण निवडणुकीला उभी राहते म्हटलं, की घरापासून पक्षापर्यंत सगळे म्हणतात, 'बस बाई खाली!' त्यातून समोर विद्यमान आमदार असेल तर विचारूच नका.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात मात्र विद्यमान आमदारासमोर बायका उभ्या राहिल्यात, जिंकल्यात आणि थोडक्यात हरल्यातही. मैत्रिणींनो, आज त्याच गोष्टी सांगायच्या आहेत.

सन 2009. मतदारसंघांची पुनर्रचना झालेली आणि 'सोलापूर शहर मध्य' हा नवा मतदारसंघ तयार झालेला. मैदानात होते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम. सोलापूर त्यांना 'आडम मास्तर' म्हणूनच ओळखतं. 1978, 1995 आणि 2004 अशा तीन वेळा ते आमदार झालेले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभी केली अठ्ठावीस वर्षांची प्रणिती शिंदे. वडील सुशीलकुमार शिंदे तेव्हा केंद्रात ऊर्जामंत्री. साहजिकच लोक म्हणाले, 'मोठ्या घरची लेक, तिला काय अवघड?' ते अगदीच खोटं नव्हतं. पण नुसत्या नावावर भागत असतं, तर त्याच घरातल्या उज्ज्वलाताई शिंदे 2004 मध्ये सोलापुरातून लोकसभेला हरल्या नसत्या.

आता मास्तरांची बाजू पाहा. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळतात. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे मान आणि कंबर दोन्ही जातात. या बायकांना स्वतःच्या मालकीचं घर मिळावं म्हणून मास्तरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांना मिळाली. एवढं काम पाठीशी असलेला आमदार हरेल असं कुणाला वाटलं असेल? पण 2009 ला मास्तर हरले आणि प्रणिती शिंदे जिंकल्या.

त्याच भागात विड्या वळणाऱ्या एका मावशींना मी हे कोडं विचारलं होतं. सुपातली पानं कातरत त्या म्हणाल्या, "मास्तरला इसरायचं कसं ओ? घर त्यांच्यामुळंच मिळालं की. पण ताई, घर आमच्या हक्काचं हाय आन् मत बी आमच्या हक्काचं हाय." मत कुणाला दिलं, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही! मोठमोठ्या विश्लेषकांना जमणार नाही एवढं शहाणपण त्या एका वाक्यात होतं. काम केलं म्हणून मतदार कायमचा बांधला जात नाही. दर पाच वर्षांनी तो नव्याने हिशेब मांडतो.

आणखी एक बारकी गोष्ट. कुंभारी शहराबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. 'शहर मध्य' हा शहरातल्या वॉर्डांचा मतदारसंघ. म्हणजे नव्या घरी राहायला गेलेल्या बाईने मतदारयादीत पत्ता बदलला, की ज्याने घरासाठी भांडण केलं त्यालाच मत देण्याची सोय संपली. राजकारणात अशाही गमती असतात. मास्तर पुढे 2014, 2019 आणि 2024 लाही लढले, हरले, तरी घरांचं काम त्यांनी सोडलं नाही. रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली.

इकडे प्रणितीताईंची वाटही सरळ नव्हती. मे 2014 मध्ये वडील लोकसभेला हरले. पाचच महिन्यांत विधानसभा आली. आता त्या स्वतः विद्यमान आमदार होत्या आणि आव्हान देणारे दुसरे होते. 9,769 मतांनी त्या तरल्या. 2019 लाही जिंकल्या आणि 2024 मध्ये 74,197 मतांनी थेट लोकसभेवर गेल्या. त्यांनी सोडलेली 'शहर मध्य'ची जागा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भाजपकडे गेली. इथे कुणाचीच खुर्ची पक्की नाही!

याहून चुरस पाहायची तर करमाळ्याला चला. 2009 पासून चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा तिथे आमदार बदलला. 2009 मध्ये श्यामल बागल जिंकल्या. 2014 मध्ये त्यांच्या जागी त्यांची मुलगी रश्मी उभी राहिली आणि नारायण पाटलांकडून अवघ्या 257 मतांनी हरली. एका मतदान केंद्रावर साधारण हजारभर मतदार असतात. त्यातल्या पाव भागाने इकडचं तिकडे केलं असतं, तर तालुक्याला लागोपाठ दुसरी आमदारीण मिळाली असती. 'माझ्या एका मताने काय होतंय' म्हणून मतदानाच्या दिवशी पापड लाटत बसणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा फ्रीजवर चिकटवून ठेवावा.

पण या तिघींच्याही मागे राजकारणातलं घर होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्यांच्या मागे असं घर नाही त्यांचं काय?

माझी एक मैत्रीण दोन वेळा नगरसेविका होती. वॉर्ड राखीव होता म्हणून मिळाला, पण तिने तो नुसता सांभाळला नाही, राबवला. पाण्याची पाइपलाइन, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे, सगळं पाठपुरावा करून आणलं. मग तिने विधानसभेची उमेदवारी मागितली. पक्षातले वरिष्ठ म्हणाले, "ताई, जागा आपली नाही. तिथे विद्यमान आमदार तगडा आहे. त्याला वर्षाला पाच कोटींचा निधी, लग्नाला-बारशाला हजेरी, गावोगाव माणसं. तुम्ही काय उभं करणार?" बरं, जागा पक्षाची असती तर म्हणाले असते, "विद्यमान आमदाराचं तिकीट कसं कापायचं?" म्हणजे छापा पडला तरी नाही आणि काटा पडला तरी नाहीच.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. 2024 च्या विधानसभेत 288 पैकी फक्त 21 बायका निवडून आल्या. 2019 ला 24 होत्या. ज्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी 'बहिणी'च्या नावाने एवढा गजर केला, त्याच निवडणुकीत बहिणींची संख्या घटली. महिला आरक्षणाचा कायदा 2023 मध्ये मंजूर झाला खरा, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडलेली. तोवर थांबायचं का?

माझी मैत्रीण थांबलेली नाही. उभं राहायला नेमकं काय लागतं, याची तिने वहीच केली आहे. वय पंचवीस पूर्ण. राज्यातल्या मतदारयादीत नाव. अनामत रक्कम दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. झालेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं पडली तर अनामत परत, नाहीतर जप्त. प्रतिज्ञापत्रात स्वतःची आणि नवऱ्याचीही मालमत्ता लिहायची. (ती म्हणते, "यानिमित्ताने तरी कळेल ह्यांच्या नावावर काय काय आहे!") मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला मात्र त्याच मतदारसंघातले दहा लागतात.

परवा ती घरी आली, वही पुढे केली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तिकीट नाही मिळालं तर अपक्ष भरणार. दहापैकी एक सही तुझी हवी. आमदारांच्या माणसांना कळेल हं, सांगून ठेवते." माझ्या घरातल्या एकाचं काम आमदारांच्या शिफारशीवर अडलंय, हे तिला ठाऊक आहे. मी चहा ठेवला, दोन मिनिटं काहीच बोलले नाही. मग म्हटलं, "लिही माझं नाव."

ती निवडून येईल का, मला माहीत नाही. कदाचित अनामतही जाईल. पण सूचकांच्या नऊ जागा अजून रिकाम्या आहेत. तुमच्या गावातली अशी कुणी वही घेऊन तुमच्या दारात आली, तर तिला आधी बसायला पाट द्या, आणि मग उभं राहायला सही.