शेवटचा गिअर चाकात असतो

कालव्याचं आवर्तन सुटलं, की पाटसच्या शिवारातली काळी माती रूप बदलते. खडकवासल्याचं पाणी पिऊन ती फुगते, चिकट होते आणि उसाचं बेणं घेऊन शेतात उतरलेली पिकअप तिथंच रुतते. गाडी फोर बाय फोर असली तरी डिफरन्शियलचं पोट मातीला टेकलं, की चाकं जागच्या जागी फिरत राहतात. मग मालक ठरवतो, मोठे टायर टाकायचे.

त्याचा विचार चुकत नाही. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो. त्याजागी ३१ इंची टायर आला, तर व्यास ७८७ होतो. त्यातली निम्मी वाढ, म्हणजे ४२ मिलिमीटर, डिफरन्शियलच्या पोटाखाली मिळते. चिखलात चार सेंटिमीटर फार मोलाचे.

दुखणं कळतं ते माल भरल्यावर. चारीचा भराव चढताना पूर्वी दुसऱ्या गिअरवर जाणारी गाडी आता पहिला मागते, क्लचचा वास येऊ लागतो. ड्रायव्हर म्हणतो, इंजिनचा दम गेला. इंजिन मात्र ठणठणीत असतं.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल फेरे कमी करून पीळ वाढवतात. त्या साखळीची शेवटची कडी म्हणजे चाक. जुना टायर एका किलोमीटरला साधारण ४५२ फेरे घ्यायचा, नवा ४०४ घेतो. इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी १२ टक्के जास्त पळते आणि जमिनीवरचा जोर जवळपास ११ टक्क्यांनी घटतो. ब्रेकचंही तेच, कारण थांबवायच्या चाकाची त्रिज्या वाढलेली असते. स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने धावत असते. सोलापूर हायवेवर हा फरक जिवावर बेतू शकतो.

गेलेला जोर परत आणायचा तर डिफरन्शियलमधली क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदलावी लागते. समजा क्राऊनला ४१ दात आहेत आणि पिनियनला ११. भागाकार येतो ३.७३. त्याला वाढलेल्या व्यासाच्या प्रमाणात गुणलं, तर हवा असलेला आकडा ४.१७. आता ४१ आणि १० दातांची जोडी घेतली, तर ४.१० मिळतो. पिनियनचा फक्त एक दात कमी झाला आणि गाडी जवळपास मूळ स्वभावावर आली! मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

दातांचा हा हिशेब विलीज कंपनीनं १९४५ सालीच केला होता. लढाईतल्या विलीज जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.८८ होतं, म्हणजे ३९ आणि ८ दात. युद्ध संपताना तीच गाडी शेतकऱ्यासाठी सीजे-२ए म्हणून आली, तेव्हा कंपनीनं ते ५.३८ केलं, म्हणजे ४३ आणि ८. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या लो गिअरचं प्रमाणही १.९७ वरून २.४ च्या वर नेलं. टायर होते तेवढेच राहिले. नांगर ओढायला वेग नको, जोर हवा, एवढं त्यांनी ओळखलं. पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जीपगाड्या याच घराण्यातल्या.

काम मात्र नाजूक आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनंच बदलतात. दातांमधली फट कागदाच्या दोन पानांएवढी ठेवायची, रंग लावून ठसा बघायचा, पातळ चकत्या घालून पिनियन पुढे-मागे सरकवायचं. हात बसलेला मिस्त्री यातच अर्धा दिवस घालवतो, आणि घालवावाच.

खर्च वाचवायला फक्त मागचंच डिफरन्शियल बदलणं ही घोडचूक. अशा पिकअपमध्ये फोर बाय फोर टाकला, की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. पुढे ३.७३ आणि मागे ४.१० असेल, तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त धावू बघतात. चिखलात ती घसरून सुटतात. डांबरावर घसरायला जागा नसते, ताण साठत जातो आणि ट्रान्सफर केसचे दात तुटतात.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतले बदल मूळ तपशिलाशी विसंगत असून चालत नाहीत. टायर विकत घेण्याआधी आरटीओत विचारून यावं, आणि क्राऊनचे दातही त्याआधीच मोजावेत.