घरच्या घरी वाचनाचा श्रीगणेशा



"आम्हीच अंगठेबहाद्दर, आम्ही लेकराला काय वाचायला शिकवणार?" असं पुष्कळ आईबाप म्हणतात. पण वाचनाची सुरुवात कानापासून होते, आणि कान तयार करायला पुस्तक लागत नाही. भाकरी थापता थापता लेकराला म्हणा, "भा-क-री, वाजव टाळ्या." तीन टाळ्या. "पाणी म्हण." दोन टाळ्या. मग विचारा, "मका, मध, मडकं, सुरुवातीला कोणता आवाज येतो?" बोललेल्या शब्दाचे तुकडे पडतात हे ज्याला उमगलं, त्याला अक्षर ही त्या तुकड्याची खूण आहे हे लवकर समजतं. आजीच्या ओव्या, उखाणे, गोष्टी हीसुद्धा वाचनाचीच शिदोरी. कानावरून गेलेला शब्द पुढे डोळ्यांना ओळखीचा वाटतो.

आता अक्षरांकडे वळू. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी आधी पाठ करून घेण्याची घाई करू नका. क ते ज्ञ घडाघडा म्हणणारं मूल मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवलं की गप्प होतं. ते म्हणत असतं, वाचत नसतं. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र शिकवण्याची 'गमभन'ची रीत गुरुजींना ठाऊकच आहे. ग, म, न ही तीनच अक्षरं आली, की मग, मन, नग, नमन, गगन एवढे शब्द मुलाला वाचता येतात. 'मला वाचता आलं' हा आनंद त्याला लवकर मिळायला हवा. चुकलं तर हात उगारू नका. शब्द आपण एकदा म्हणावा आणि पुढे जावं.

पुढचे धडे रस्त्यावरच आहेत. केज तालुक्यातलं युसूफ वडगाव घ्या. 'वडगाव'मध्ये एकच काना. एस.टी.च्या पाटीवरच्या 'केज'ला एक मात्रा, 'बीड'ला दुसरी वेलांटी. 'युसूफ'मध्ये मात्र पहिला उकारही आहे आणि दुसराही. म्हणून आधी वडगाव वाचू द्यावं, युसूफ मागाहून. आणि लेकरानं 'अंबाजोगाई' वाचलं, त्या दिवशी हातावर गूळखोबरं ठेवावं!

पैशावाचूनही हे काम अडत नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा विचार. खडे, बिया, पानं हीच तिथली साधनं.

आपल्या भागातली मोठी अडचण निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जूनपासून धरलेली अक्षरं नेमकी या महिन्यांत निसटतात. लेकरू आजीजवळ राहू शकत असेल तर उत्तम. नाही तर हंगामी वसतिगृहाची शाळेत चौकशी करा. सोबत न्यावंच लागलं, तर गाठोड्यात पाटी आणि गोष्टीचं एक पुस्तक जरूर घाला. गुरुजी, निघण्यापूर्वी त्याला येणारे शब्द एका कागदावर लिहून द्या.

संध्याकाळी कोपीपुढं दहा मिनिटं पुरेत. आईनं म्हणावं, "वाच रे, मला ऐकव." बोट शब्दावर ठेवायला सांगावं. शेवटी विचारावं, "गोष्टीत काय झालं?" सांगता आलं तर वाचलं, नाही तर नुसतं उच्चारलं. यासाठी आईला अक्षर येण्याची गरज नाही, ऐकायची हौस हवी.

एवढं नेमानं केलं, तर उद्या उचलीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी तो कागद वाचून दाखवणारं माणूस आपल्याच घरात असेल.