अंतराग्नी : एक वाद्यवृंद आणि त्याचा गायक

बेंगळुरू शहरात संगीताच्या दोन वेगळ्या वस्त्या होत्या. जुन्या पेठेत कर्नाटक संगीत आणि हरिदासांची पदे नांदत. इंग्रजांनी 1809 मध्ये वसविलेल्या छावणीत चर्चमधील समूहगान, बँड आणि पुढे गिटार. स्वातंत्र्यानंतरही ही विभागणी बराच काळ टिकली. छावणीच्या परंपरेत वाढलेले तरुणांचे वाद्यवृंद बहुधा इंग्रजीतच गात. विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयाला आलेल्या ‘अंतराग्नी’ या वृंदाने मात्र गिटार व व्हायोलिन यांच्या साथीवर कन्नड शब्द ठेवले.

या वृंदाचे प्रमुख गायक रघू दीक्षित यांचा जन्म 1974 मध्ये नाशिकला झाला. ते वाढले म्हैसुरात. सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्यांनी सुवर्णपदकासह मिळविली आणि भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेतले. गिटार तेवढी ते स्वतःच शिकले. पुढे बेल्जियममधील संशोधकाची नोकरी सोडून ते गाण्याकडे वळले.

लोकगीताला गिटारची जोड देणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. आपल्या गायनात एका वेळी एकच स्वर चालतो आणि तंबोऱ्याचा षड्ज त्याखाली स्थिर असतो. गिटारवर तीन-चार स्वरांचा पुंजका, म्हणजे कॉर्ड, एकदम वाजतो आणि दर थोड्या वेळाने बदलतो. तो बदलला की गळ्यातला तोच स्वर निराळ्या भावाचा वाटू लागतो. चाल जपावी तर साथ अडखळते. साथ मोकळी सोडावी तर चाल हरवते.

संत शिशुनाळ शरीफ (1819–1889) यांच्या पदांत हा मेळ विशेष साधला. आजच्या हावेरी जिल्ह्यातील हे मुसलमान संतकवी गोविंदभट्ट या ब्राह्मण गुरूचे शिष्य होते. त्यांची तत्त्वपदे एकतारीवर गायिली जात. त्यामुळे ओळी आखूड, ठेका ठसठशीत आणि चाल थोड्या स्वरांत फिरणारी. अशा चालीखाली कॉर्ड बदलले तरी ती मोडत नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध पदाचा विषय गुडगुडी आहे, आणि हा शब्द मराठी वाचकास समजावून सांगावयास नको. दुसऱ्या एका पदात कोंबडी माकडाला गिळते. नाथांच्या भारुडांवर वाढलेल्या श्रोत्याला ही उलटी वाणी मुळीच परकी वाटणार नाही.

‘अंतराग्नी’ वृंद टिकला नाही. असे प्रसंग अन्यत्रही घडले आहेत. न्यूयॉर्कच्या साल्सा संगीतात विली कोलोन स्वतःच आपल्या वृंदातून बाजूला झाले आणि त्या वृंदाचा गायक एक्तोर लावो याची 1975 मध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली; तिची निर्मिती कोलोन यांनीच केली. दीक्षितांना मात्र सारे नव्याने जमवावे लागले. त्यांनी ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ उभा केला. यात गायक एक, वादक येते-जाते. तेव्हा याला एकल कारकीर्द म्हणावे की दुसरा वृंद, हा प्रश्नच आहे.

त्या दिवसांची मनःस्थिती एका इंग्रजी गीताच्या शीर्षकात उतरली आहे : गायक मुंबईत चमत्काराची वाट पाहतो आहे. 2008 मध्ये विशाल ददलानी व शेखर रावजियानी या मुंबईकर संगीतकारांनी पहिला संग्रह प्रकाशित केला. विसर्जित वृंदाचेच नाव त्याला दिले होते. त्यातील हिंदी गीते गोड आहेत. पण वजन शरीफांच्या पदांना आहे. त्याच वर्षी ‘सायको’ व 2010 मध्ये ‘जस्ट मात मातल्ली’ या कन्नड चित्रपटांना दीक्षितांनी संगीत दिले.

2010 मध्ये बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात ते लुंगी नेसून गायिले. 2011 मध्ये ‘साँगलाइन्स’ या ब्रिटिश नियतकालिकाने त्यांना सर्वोत्कृष्ट नवागताचा पुरस्कार दिला. कन्नडचा एक शब्दही न कळणाऱ्या श्रोत्यांनी ही पदे उचलून धरली, याचे बरेचसे श्रेय त्या ठसठशीत ठेक्याला द्यावे लागेल. 2013 मधील ‘जग चंगा’ या दुसऱ्या संग्रहातही शरीफ आहेतच. तेथील पद ‘लोकद काळजी’. यातील दोन्ही शब्द मराठी घरात रोज बोलले जातात.