एआय कोडिंग असिस्टंट निवडायचाय? आधी त्याला एकर-गुंठे विचारा

"कोडिंगसाठी कुठला एआय असिस्टंट घेऊ?" हा प्रश्न सारखा येतो. एक नाव सांगून मोकळं होता येईल, पण ही टूल्स इतक्या भराभर बदलतात की तो सल्ला लवकरच शिळा होईल. म्हणून आज निवडायचं कसं, ते बघू.

लोक सहसा बेंचमार्कचे आकडे बघतात. त्यातलं एक गाजलेलं म्हणजे एसडब्ल्यूई-बेंच. ते पायथनच्या 12 ओपन सोर्स प्रोजेक्टमधल्या 2,294 प्रश्नांवरून बनवलंय. चाचणी चांगली आहे, पण तुमचं काम त्यात नाही ना!

माझंच सांगतो. शेतीचं क्षेत्र नोंदवायचा एक फॉर्म करत होतो. जुन्या एक्सेलमध्ये "1.20" असं लिहिलेलं, म्हणजे एक एकर वीस गुंठे. असिस्टंटने ते सरळ 1.20 एकर धरून हेक्टरमध्ये बदललं. कोड एकदम स्वच्छ, टेस्टही पास, कारण टेस्टही त्यानेच लिहिलेल्या! आता हिशोब बघा. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे एक एकर वीस गुंठे झाले दीड एकर. 1.20 एकर म्हणजे फक्त 48 गुंठे. शेतकऱ्याचे 12 गुंठे गायब! गंमत म्हणजे सातबाऱ्यावर 1.20 हेक्टर असेल तर ते दशांशातच बरोबर आहे, कारण हेक्टरचे 100 आर होतात. हा फरक आपल्याला माहीत असतो, मशीनला सांगावा लागतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. ज्याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे अशी स्वतःच्या कामातली तीन कामं काढतो: एक जुना बग, एक छोटं नवं फीचर आणि असा एखादा स्थानिक हिशोब. तीच कामं प्रत्येक टूलला देतो. मग दोन गोष्टी बघतो: संदिग्ध ठिकाणी तो मला विचारतो का, आणि त्याने केलेले बदल वाचून तपासायला मला किती वेळ लागतो.

वेळ घड्याळ लावूनच मोजा. 2025 मध्ये मीटर या संस्थेने 16 अनुभवी डेव्हलपरवर प्रयोग केला. एआय वापरून त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण 20 टक्के वेळ वाचवला. तुमचंही असंच होईल असं नाही, पण "फास्ट वाटतंय" हा पुरावा होत नाही.

आता पैसे आणि प्रायव्हसी. कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड यांत तुमचा कोड सहसा बाहेरच्या सर्व्हरवर जातो. क्लायंटचा कोड असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, आणि पासवर्ड किंवा शेतकऱ्यांचे आधार नंबर त्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. बाहेर पाठवायचंच नसेल तर ओलामावर क्वेन कोडरसारखं छोटं मॉडेल आपल्याच लॅपटॉपवर चालतं. एकदा डाउनलोड झालं की नेट गेलं तरी काम सुरू. हो, ग्राफिक्स कार्ड नसेल तर हळू चालतं, आणि मॉडेल छोटं असल्याने चुकाही जास्त करतं.

शिकत असाल तर फुकटच्या प्लॅनपासून सुरुवात करा, वर्षाचे पैसे आधीच भरू नका.

तर राजेहो, आज एकच करा: तुमच्या कामातला "एकर-गुंठे" कुठला, तो शोधून ठेवा. तो प्रश्न तुमच्याकडे तयार असला, की टूल निवडणं सोपं आहे. भेटू पुढच्या भागात.