मोबाइलच्या थर्मल कॅमेऱ्यात पाण्यातली मासोळी दिसते का?



मोबाइलला लावायचा थर्मल कॅमेरा आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाले काय कामाचा, ते थोडक्यात सांगतो.

प्रत्येक वस्तूतून डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण निघतात. हा कॅमेरा तेच टिपतो अन् गरम-थंड वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. २०१४ पासून तो फोनला जोडता येऊ लागला.

पण पाण्यातली मासोळी यात दिसत नाही. हे किरण पाणी शोषून घेते, म्हणून फक्त वरच्या थराचे तापमान दिसते. त्यात मासोळीचं अंगही जवळपास पाण्याइतकंच थंड. कोणी "मासे दाखवतो" म्हणून विकत असेल तर पैसे देऊ नका.

मग कामाचा कुठं? बर्फ भरलेली पेटी बाहेरून पाहा. जिथं थंड डाग, तिथून थंडी निसटते, माल लवकर उतरतो. पंपाच्या वायरीचा ढिला जोड जळायच्या आधीच तापलेला दिसतो. दुरून पाहा, हात मेकॅनिकलाच लावू द्या. रात्री जनावरही दिसतं. २०१८ मध्ये यवतमाळकडे टी-१ वाघिणीच्या शोधात थर्मल ड्रोन वापरले होते. फोनच्या कॅमेऱ्याले मात्र लांबचं नीट दिसत नाही.

घेताना रिझोल्यूशन विचारा. ८०×६० पेक्षा २५६×१९२ चं चित्र कितीतरी स्पष्ट. काचेच्या आरपार दिसत नाही, चमकदार भांड्यावर आकडा चुकतो.

चौघांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.